उसन्या खुर्च्यांचा वाढदिवस

बायको गेल्यानंतर सातव्या महिन्यात मी मुलीचा वाढदिवस केला. अंधेरीला, आमच्या दोन खोल्यांत, पोरं बोलावून. शेजारीपाजारी म्हणाले, चला, माणूस सावरला. सावरलो वगैरे काही नव्हतो. मला त्या वाढदिवसातून एक काम साधायचं होतं, आणि ते काय हे आधीच सांगून टाकतो. उगाच माझ्याविषयी कुणाचं मत चांगलं व्हायला नको.

बायकोची थोरली बहीण गिरगावात राहायची. तिला दोन मुलगे, मुलगी नाही. यजमान चांगल्या नोकरीत, घरात सासू, कामाला बाई, सगळं जिथल्या तिथं. तेराव्याला आली तेव्हाच ती म्हणाली होती, "भावोजी, पुरुषमाणसाच्या हातून मुलगी वाढत नाही. मला द्या." मी मान हलवली. त्या दिवसांत मी सगळ्यालाच मान हलवत होतो. मे महिन्यात तिचं पत्र आलं. शाळा उघडायच्या आत येऊन पोरीला नेते, इकडच्या शाळेत बोलणं झालं आहे, तुम्ही फक्त शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवा.

मी दाखला काढला. सांगितलेलं काम करण्यात मी कधी कुचराई केली नाही. पोटासाठी कारकुनीच करत होतो.

मला मुलगी हवी होती की नको, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर देता आलं नसतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. माझं जळलं होतं आणि मला काही कळत नव्हतं. ऑफिसात जात होतो, कामात चूक होत नव्हती. घरी येऊन भात टाकत होतो. पोर शेजारी बसून पाटीवर काहीबाही काढत असायची. अडल्याशिवाय आम्ही दोघं बोलत नसू. मी रडलो नव्हतो, स्मशानातही नाही. लोक त्याला धीर म्हणाले. तो धीर नव्हता, काहीच नव्हतं. पण कुणी 'द्या' म्हटलं की वाटीभर साखर द्यावी तशी पोर देऊन टाकायची, हे मात्र कुठंतरी खुपत होतं. खुपत होतं म्हणजे एवढंच, की दाखला हातात घेऊन मी शाळेच्या पायरीवर अर्धा तास बसून राहिलो.

तिथं बसल्या बसल्या दाखला वाचला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. त्यात पोरीची जन्मतारीख होती, जूनच्या पहिल्या आठवड्यातली, आणि त्या वर्षी ती रविवारी येत होती. पोरीला सात पुरी होणार होती. मेहुणी त्याच सुमारास यायची होती. माझ्या डोक्यात एकदम हिशेब जमला. त्याच रविवारी तिला बोलवायचं. वाढदिवसाचं आधी काही कळवायचं नाही. तिनं दारात पाऊल टाकलं की पताका दिसल्या पाहिजेत, खोलीभर मुलं, वडे, शिरा, खेळ. म्हणजे तिचं तिलाच वाटेल, की इथं पोरीचं काही अडत नाही. 'मुलगी देत नाही' हे तोंडानं म्हणायची धमक माझ्यात नव्हती. ते पताकांनी म्हणावं, अशी माझी योजना.

संध्याकाळी जेवताना पोरीला म्हटलं, "येत्या रविवारी तुझा वाढदिवस करू या. मैत्रिणींना बोलवू."

तिनं उचललेला घास ताटात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "रविवारी?"

"हो, रविवारी. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि घास परत उचलला.

तिला आनंद झाला नाही हे मला दिसलं. मला तरी कुठं झाला होता? मी यादी करायला घेतली.

यादी मी ऑफिसातल्या एका जुन्या परिपत्रकाच्या कोऱ्या बाजूला केली. मुलं किती, बसणार कुठं, खाणार काय, खेळणार काय. विकत घ्यायचं कमी आणि मागून आणायचं जास्त, हे धोरण पहिल्या ओळीतच ठरलं, कारण माझ्या पगारात दुसरं धोरण बसत नव्हतं. दहा मुलं बोलवायची, पोर धरून अकरा. शिरा मी करायचा. बटाटेवडेही मीच करायचे, असंही मी लिहून टाकलं. आयुष्यात वडा तळला नव्हता, पण कागदावर लिहिलं की झालं, असा माझा स्वभाव.

वरच्या मजल्यावर मालवणकडच्या एक वहिनी राहायच्या. त्यांच्याकडे कढई मागायला गेलो तर त्यांनी माझ्या हातातली यादीच काढून घेतली आणि नवऱ्याकडून वाचून घेतली.

"वडे तुमी करतल्यात?" त्या म्हणाल्या. "आणि वर्स जाला नाय अजून. तुमच्या घरात तळण नको. बटाटे धाडून द्या, वडे मी माझ्याकडे करतंय."

वर्षाच्या आत घरात कढई चढवायची नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दिवाळीनंतर ती गेली, संक्रांत गेली, होळी गेली, आमच्याकडे सण झाला नव्हता. पण यादी करताना ते मनात आलंच नाही. घरात कुणी मेलंय हे मी विसरलो होतो की काय, असं वहिनींना वाटलं असेल. मला स्वतःलाही तसं वाटलं, आणि वाटून काही झालं नाही. जिना उतरून बटाटे आणायला गेलो.

वाढदिवस करावा की नाही, हेही मी त्यांना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, "पोरांच्या आनंदाक सुतक नसता." आनंद कुणाला होता देव जाणे, पण परवानगी मिळाली.

साखर तेव्हा रेशनवर होती. शिऱ्याला आणि सरबताला पुरेल एवढी साखर आमच्याकडे होती, याचं कारण बायकोचं नाव मी कार्डावरून कमी केलं नव्हतं. दुकानदार दर वेळी तीन माणसांची साखर द्यायचा आणि मी घ्यायचो. लबाडी म्हणून नव्हे, तो अर्ज लिहायला हात होत नव्हता. डब्यात बोट घालून किती साखर आहे ते बघताना मनात आलं, की तिच्या वाट्याच्या साखरेचा शिरा होणार. हे मनात आलं आणि गेलं. मी यादीत साखरेपुढे खूण केली.

दुधाचं तसंच. आरेच्या दुधाच्या बाटल्या कार्डावर मिळत, आमच्या कार्डावर एकच. दोन घरांची कार्डं त्या सकाळपुरती मागून घेतली आणि पोरीला बरोबर घेऊन केंद्रावर रांगेत उभा राहिलो. कोकमाचं आगळ वहिनींनी गावाहून आलेलं दिलं. पताकांसाठी पतंगाचा कागद आणला, लाल आणि हिरवा. पिठाची खळ करायला गेलो, ती करपली. दुसऱ्यांदा पोरीनं ढवळली, ती बरी झाली. शनिवारी दुपारभर आम्ही दोघं त्रिकोण कापून सुतळीला चिकटवत होतो. ती लाल एक, हिरवा एक असं मांडत होती आणि मी चिकटवत होतो.

एकदा तिनं विचारलं, "मावशी येणार आहे ना?"

"हो."

"मग मी तिच्याबरोबर जाणार?"

"बघू," मी म्हणालो.

तिनं पुढचा त्रिकोण माझ्यापुढे सरकवला.

खेळ एकच ठरवला होता, संगीत खुर्ची. कारण त्याला पैसा लागत नाही, फक्त खुर्च्या लागतात. अकरा मुलांना दहा खुर्च्या. आमच्याकडे एक. रविवारी सकाळी मी इमारतीतून खुर्च्या गोळा करत फिरलो. वरच्या दोन, समोरच्या गुजराती कुटुंबाच्या तीन, तळमजल्यावरच्या मास्तरांची एक हात मोडलेली. सात झाल्या. उरलेल्या जागी दोन स्टुलं आणि एक पालथा घातलेला तांदळाचा डबा. ग्रामोफोन नव्हता. मी पितळेचं ताट उलथण्यानं वाजवायचं आणि मधेच थांबायचं, असं ठरलं.

दुपारी पोरीची वेणी घातली. दोन वेण्या घालायच्या तर भांग मधोमध लागतो, तो माझ्याच्यानं कधी सरळ पडला नाही. एक वेणी जाड आणि एक बारीक झाली. तिनं आरशात पाहिलं आणि मान फिरवली. मागच्या वर्षीचाच फ्रॉक होता, खालची घडी वहिनींनी उसवून लांब करून दिलेला. जुन्या घडीची रेघ तेवढी दिसत होती.

चारला मुलं आली. पावणेपाचला मेहुणी आली. एका हातात नव्या फ्रॉकचं पुडकं, दुसऱ्या हातात पोरीचे कपडे न्यायला आणलेली मोठी कापडी पिशवी. दारातच थांबली. पताका बघितल्या, खुर्च्या बघितल्या, ताट हातात घेऊन मधोमध उभा असलेला मी बघितला.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"वाढदिवस," मी म्हणालो. खरं सांगतो, तेव्हा जरा फुशारकीच होती माझ्या आवाजात.

ती आत आली. पिशवी कोपऱ्यात ठेवून खाटेवर बसली. मी ताट बडवत होतो आणि मुलं खुर्च्यांभोवती पळत होती. दणदणाट चालला होता. आवाज माझ्या कानांवर पडत होते, पण आत काही शिरत नव्हतं. मी फक्त बघत होतो, मेहुणी बघते आहे की नाही ते. पोर तिसऱ्याच फेरीत बाद झाली. एक खुर्ची तिच्या अगदी पुढ्यात होती, पण मागून येणाऱ्या मुलीला तिनं बसू दिलं आणि स्वतः भिंतीशी जाऊन उभी राहिली. पाहुणी वागते तशी ती वागत होती. शेवटची मुलगी जिंकली तेव्हा तिनं सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

मग औक्षण. त्याला सवाष्ण हवी म्हणून वहिनी तबक घेऊन तयारच होत्या, पण मावशी आलेली बघून त्यांनी तबक तिच्या हातात दिलं. मी पाट मांडला. पोर मला म्हणाली, "मी बसू?" मी म्हटलं, "बस की, तुझाच वाढदिवस आहे." मेहुणीनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, तबक उचललं आणि ओवाळता ओवाळता तिचा हात मधेच थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, बहिणीची आठवण झाली असेल. म्हटलं, बरं झालं, लागू पडतंय.

मुलं शिऱ्यावर आणि वड्यांवर तुटून पडली. शिऱ्यात गाठी होत्या, त्या कुणी मनावर घेतल्या नाहीत. मी सरबत ओतायला आतल्या खोलीत गेलो, तशी मेहुणी मागोमाग आली आणि दार लोटून घेतलं.

"भावोजी, आज कुणाचा वाढदिवस?"

"कुणाचा म्हणजे?"

"ती श्रावणातली आहे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे झाली, कोकणात, आमच्या आईकडे. माझ्या हातात दिली होती सुईणीनं."

मी फळीवरचा दाखला काढून तिच्यापुढे धरला. खोटं वाटेल, पण त्या क्षणीही मला वाटत होतं की चूक तिचीच असणार, कारण माझ्याकडे कागद होता.

तिनं तो हातातही घेतला नाही. "ही तारीख तुम्हीच घातलीत. शाळेत घालताना दोन महिने कमी पडत होते म्हणून. धाकटीनंच मला पत्रात लिहिलं होतं. आमच्या पोरीला आता दोन वाढदिवस झाले, म्हणून."

मग मला आठवलं. शाळेच्या कारकुनानं फॉर्म पुढे सरकवून म्हटलं होतं, साहेब, जूनच्या सुरुवातीची घाला, नाहीतर वर्ष वाया जाईल. सगळेच घालत होते. वर्गातली निम्मी मुलं जूनच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेली असत आणि त्याचं कुणालाच नवल वाटत नसे. मीही घातली, सही केली आणि कागदावर आली तशी ती माझ्यापुरती खरी झाली. खरा वाढदिवस सकाळीच व्हायचा. बायको पोरीला न्हाऊ घालायची, ओवाळायची, आणि त्या वेळी मी ऑफिसच्या वाटेवर असायचो. संध्याकाळी परत आलो की झाकण घातलेली खिरीची वाटी पुढे यायची. मी खायचो. आज खीर कशाची, असं मी कधी विचारलं नाही. श्रावणात घरात काही ना काही गोड होतंच.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी तिला मुद्दाम बोलावून, पताका लावून, ताट वाजवून दाखवलं होतं, की माझी मुलगी कधी जन्मली हे मला ठाऊक नाही.

"घेऊन जा तिला," मी म्हणालो.

म्हणताना काही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, थोडं हलकंच वाटलं. मेहुणीला जिंकल्याचा आनंद झाला असंही नाही. तिनं पदरानं डोळे पुसले, पेटी उघडली आणि पोरीचे फ्रॉक घड्या घालून पिशवीत भरायला लागली. मी बाहेर जाऊन मुलांना सरबत वाटलं. बर्फ वितळून संपला होता, तरी मुलांनी दोन दोन पेले घेतले.

सहाच्या सुमाराला मुलं गेली. ज्यांची त्यांची खुर्ची ज्याच्या त्याच्या घरी पोचवून मी वर आलो तर पोर पेटीजवळ उभी होती. मेहुणी शेवटचा परकर पिशवीत घालत होती.

"काय गं," मेहुणीनं तिला विचारलं, "तुझा वाढदिवस श्रावणात असतो, हे तुला ठाऊक होतं ना?"

"हो."

"मग बाबांना सांगायचं नाहीस? सगळा दिवस गप्प राहिलीस ती?"

पोरीनं आधी माझ्याकडे बघितलं, मी रागावणार का ते बघायला. मग म्हणाली, "आई होती तेव्हा आई सांगायची, आज तुझा वाढदिवस. आता बाबा सांगणार ना. मला वाटलं, आता बाबा सांगतील तो."

मी तिथंच खाली बसलो. पेटीच्या कडेला धरून. घशातून कसलातरी आवाज आला आणि तो माझाच आहे हे मला जरा उशिरा कळलं. सात महिन्यांचं सगळं एकदम आलं. बायको गेली आहे, हे मला त्या संध्याकाळी समजलं. त्याआधी नुसतं माहीत होतं. मी मेहुणीदेखत, पोरीदेखत, पंचा तोंडाला लावून रडलो आणि मला त्याची लाज वाटली नाही. या पोरीनं आपला दिवस निमूटपणे माझ्या हातात देऊन टाकला होता, आणि मी तिलाच देऊन टाकायला निघालो होतो.

"ताई, ती पिशवी द्या इकडे," मी म्हणालो.

"भावोजी, तुम्हाला नाही जमायचं."

"नाही जमायचं. तरी द्या."

तिनं बराच वेळ दिली नाही. मग दिली. मी फ्रॉक एकेक करून बाहेर काढायला लागलो. घड्या मोडत होत्या, त्या पोर परत घालत होती.

"मी रागावलो नाही गं," मी तिला म्हणालो. "श्रावणात करू. खरा. पुन्हा सगळ्यांना बोलवू."

तिनं एक फ्रॉक नीट घडी करून पेटीत ठेवला आणि वरून हात फिरवला.

"मुलं नकोत," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही ऑफिसला जाऊ नका."